काळ्या वाळूवर अनवाणी? दुपारी तरी नको

‘निर्जन काळ्या किनाऱ्यावर दिवसभर अनवाणी भटकावे’ हा काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवरील एका लेखातील सल्ला सकाळपुरता ठीक असला, तरी दुपारसाठी तो सपशेल चुकीचा आहे. बेसॉल्ट या ज्वालामुखीच्या खडकाची काळी वाळू ऊन परावर्तित न करता बरेचसे शोषून घेते. त्यामुळे पांढऱ्या वाळूवर सहज चालता येते अशा वेळीही हिच्यावर पाय ठरत नाही. दोन तासांची पायपीट करून आम्ही अशा किनाऱ्यावर पोहोचलो, चपला पिशव्यांपाशी ठेवून पाण्यात शिरलो आणि परतताना ओल्या वाळूपलीकडचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर टॉवेल पुढे टाकत, त्यावर उभे राहत, पुन्हा तो उचलत कसेबसे कापले. तळव्यांवर फोड आल्यावर तोच दोन तासांचा रस्ता किती लांब वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

सावलीचाही उल्लेख त्या लेखात हवा होता. नव्या लाव्हावर तयार झालेल्या किनाऱ्यांवर मोठी झाडे क्वचितच असतात: हवाईतील काइमूचा किनारा १९९० मध्ये लाव्हाखाली गाडला गेला आणि तिथे नारळाची रोपे माणसांनाच पुन्हा लावावी लागली.