नजर वर, काकू!

६० सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती, हे मी घरी टेप लावून पाहिलं. जेवणाचं टेबल ७५ भरलं, खुर्चीची बैठक ४५. म्हणजे ज्या उंचीच्या धास्तीने मला रात्री दोनदा जाग आली, ती खुर्ची आणि टेबलाच्या मधे कुठेतरी होती. शिवाय ती मी ओलांडायचीच नव्हती, घोडा ओलांडणार होता. मी नुसतं वर बसायचं होतं. 'नुसतं वर बसायचं' हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, तो घोडा हाताने धरून चालत होता हे नक्की.

पंचविशीपर्यंत मी उड्या मारायचे. मीटरभराच्या, कधी थोड्या जास्तही. मग नोकरी, लग्न, मुलं, पाठदुखी. पाठदुखी सर्वांत शेवटी आली आणि कायमची राहिली. ३१ वर्षांनी पुन्हा रिकिबीत पाय घालायचं ठरवलं तेव्हा वाटलं, पोहणं आणि सायकल जसं शरीर विसरत नाही तसंच हेही असणार. शरीर खरंच विसरलेलं नव्हतं. फक्त त्याला जे आठवत होतं, ते दुसऱ्याच शरीराबद्दलचं होतं. 'उजवा पाय उचल, पलीकडे टाक' असा हुकूम मेंदूने सोडला की तो जुन्या पत्त्यावर जायचा, आणि तिथली भाडेकरू केव्हाच घर सोडून गेलेली. पूर्वी मी जमिनीवरून एका झेपेत खोगिरात बसत असे. आता तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा लागतो, आणि तिसऱ्या पायरीवर मी जरा थांबून देखावा बघते. देखाव्यात घोड्याची पाठ सोडून काही नसतं.

घरच्यांना पटवायला मी पुरावे गोळा केले होते. ब्रिटनचा निक स्केल्टन. २००० साली मान मोडली, डॉक्टरांनी घोड्यावर बसू नकोस म्हणून सांगितलं, त्याने निवृत्ती घेतली, मग ती निवृत्तीच मोडली, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला, ५८व्या वर्षी, उड्यांच्या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक. नवऱ्याच्या कानात यातलं 'मान मोडली' एवढंच शिरलं. मग मी जपानचे हिरोशी होकेत्सू काढले. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेले हे गृहस्थ २०१२ ला लंडनमध्ये, ७१व्या वर्षी, पुन्हा घोड्यावर! नवऱ्याने शांतपणे मोबाइल काढला. "अगं, उड्या त्यांनी १९६४ साली मारल्या. नंतर ते ड्रेसाजमध्ये गेले, म्हणजे घोड्याच्या तालबद्ध चालींच्या स्पर्धेत. त्यात उड्या नसतात." लग्नाला २९ वर्षं झाली की माणूस बारीक अक्षरंसुद्धा वाचायला लागतो.

तरी मी गेलेच.

माझ्या वर्गात मी धरून सहा जण. बाकी पाच जणांच्या वयाची बेरीज माझ्यापेक्षा एकाने जास्त होती, ती मी वाट बघत उभी असताना करून पाहिली. ही मुलं पडतात, उठतात, ढुंगण झटकतात आणि मागचं वाक्य पुढे चालू करतात. त्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, तुमच्या वेळी हेल्मेट होतं का?" हेल्मेट होतं. मी ते घालत नसे. पण हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

शिकवणारी बाई सव्वीस वर्षांची. मला 'काकू' आणि 'अहो' म्हणते, आणि त्या आदराखाली हुकूम सोडते. "काकू, टाचा खाली. काकू, खांदे. काकू, नजर वर. अहो, वर बघा, जमीन कुठे जात नाहीये!" जमीन कुठे जात नाही हाच तर माझा मुद्दा होता.

आणि माझ्या वाट्याचा घोडा, तुफान. हे नाव ज्याने ठेवलं त्याने ते फार वर्षांपूर्वी ठेवलं असणार. तुफान आता १९ वर्षांचा आहे. त्याचेही गुडघे सकाळी वाजतात, तोही सुरुवातीची दहा मिनिटं लाकडी खेळण्यासारखा चालतो. मी त्याला हुआसोची गोष्ट सांगितली: १९४९ साली चिलीत कॅप्टन अल्बेर्तो लार्रागिबेल यांना पाठीवर घेऊन २.४७ मीटर उंच उडी मारणारा घोडा. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि तेव्हा हुआसोचं वय होतं १६. तुफानने ऐकून घेतलं आणि एक मागचा पाय सैल सोडून डुलकी काढली.

आता जाकिटाबद्दल. माझ्या वेळी पडण्यासाठी वेगळे कपडे नव्हते. आता हवेचं जाकीट असतं. त्याची एक दोरी खोगिराला अडकवायची. तुम्ही घोड्यावरून भिरकावले गेलात की दोरी ताणली जाते, आतल्या छोट्या नळकांड्यातला वायू सुटतो आणि क्षणात जाकीट फुगून मान, पाठ, बरगड्या सगळं सावरून धरतं. हाडांच्या डॉक्टरांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "छान. पण पडू नका." शिक्षिकेनेही एकच गोष्ट बजावली होती: उतरायच्या आधी दोरी सोडायची. दर वेळी. न विसरता.

पहिले तीन आठवडे जमिनीवर टाकलेल्या दांड्यांवरून दुडकी. चौथ्यात फुलीसारख्या रचलेल्या दोन दांड्या. तिथे कळलं की माझ्यात आणि उडीमध्ये घोडा कधीच आला नव्हता, अंकगणित आलं होतं. कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगळ्या मध्यम धावेत, घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची, म्हणजे माणसाची चार मोठी पावलं. दोन अडथळ्यांमध्ये एकच ढांग बसवायची तर अंतर २४ फूट ठेवतात: सहा फूट उतरायला, सहा फूट पुन्हा उडायला, मधे १२. विशीत मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि माझी ढांग कधी चुकत नव्हती. आता सगळं पाठ होतं. 'आता? की अजून एक? की अर्धी?' असा हिशेब करत मी शेवटच्या क्षणी लगाम जरासा ओढायचे, तुफानचा विचार मोडायचा, तो सभ्यपणे थांबायचा, आणि मी त्याच्या मानेवर पुढे सरकून त्याच्या कानांमधून तो अडथळा जवळून बघायचे. स्पर्धेत दांडी पाडली तर ४ दंडगुण, घोडा अडला तरी ४, आणि स्वार पडला तर बाद. मी या तिन्हींच्या मधली एक अवस्था शोधून काढली होती, तिचा नियमपुस्तकात उल्लेख नाही.

बसण्याचंही तेच. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याच्या आधी स्वार उडीत मागे रेलून बसत. त्याने दाखवून दिलं की पुढे झुका, हात सैल सोडा, घोड्याची पाठ मोकळी ठेवा. सारं जग त्याचं ऐकून पुढे झुकलं. माझं शरीर मात्र दर उडीला काप्रिल्लीच्या आधीच्या काळात परत जायचं. (हा काप्रिल्ली १९०७ साली घोड्यावरून पडून गेला, वयाच्या चाळिशीआधीच. ही माहिती मी नवऱ्यापासून लपवून ठेवली आहे.)

एकदा मी वैतागून शिक्षिकेला म्हटलं, "मला शेवटच्या क्षणी अडथळा दिसतच नाही." ती हसली. "काकू, त्यालाही दिसत नाही." घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं दिसतं त्याला, पण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं नाही. त्यामुळे ऐन उडीच्या वेळी दांडी त्याच्या नजरेआड गेलेली असते. आधी जे पाहून ठेवलं, त्या आठवणीवर तो उडतो.

मी तुफानकडे पाहिलं. म्हणजे आम्ही दोघंही आठवणीवरच उडत होतो. फरक इतकाच, की त्याची आठवण एका क्षणापूर्वीची होती आणि माझी ३१ वर्षांपूर्वीची. दोघांतल्या कुणाची वापरायची हे ठरवायला फार अक्कल लागत नव्हती.

त्या दिवशी अडथळा ६० चा लागला. मी डाव्या हाताने आयाळीची मूठ धरली, पलीकडच्या झाडाच्या शेंड्याकडे बघितलं आणि मोठ्याने पाढे म्हणायला सुरुवात केली, म्हणजे ढांगा मोजायला डोकं मोकळं राहू नये. सतराचा पाढा. सतरा चोक म्हणेपर्यंत तुफानचे कान पुढे झाले, पाठ माझ्याखाली कमानीसारखी उचलली गेली, एक लांबलचक शांतता पसरली, आणि सतरा पाचा पंच्याऐंशीला आम्ही पलीकडे होतो. दांडी जागेवर. मी जागेवर. पाचही मुलं टाळ्या वाजवत होती. मी तुफानच्या गळ्यात पडले, त्याला दहा वेळा शाबास म्हटलं, रिकिबीतून पाय काढले आणि पंचविशीतल्यासारखी टुणकन खाली उडी मारली.

धाड!

कुठेतरी बंदूक उडाली असं वाटलं. मग माझ्या बरगड्यांना कुणीतरी मिठी मारली, दोन्ही हात अंगापासून फाकले आणि हनुवटी आपोआप आभाळाकडे गेली. खोगिरावरून दोरीचं टोक लोंबत होतं. पाचही पोनी चार दिशांना उधळले. तुफानने एक कान मागे वळवला, बस. मला पाय दिसत नव्हते, जमीन दिसत नव्हती, त्या झाडाचा शेंडा तेवढा दिसत होता.

"वा, काकू," बाजूने आवाज आला, "आता नजर अगदी बरोबर आहे. अशीच ठेवा."