दिवा लागायच्या आधी

डॅशबोर्डवर लाल दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. सर्व्हिसिंग वेळेवर करायचं, बिल भरायचं, चावी घ्यायची, विषय संपला.

मग एका रविवारी गाडी धुताना स्टीअरिंग पूर्ण वळलेलं होतं, त्यामुळे पुढच्या चाकाची आतली बाजू समोर आली होती. फडकं फिरवताना बोटाला काहीतरी टोचलं. वाकून पाहिलं तर टायरच्या आतल्या कडेचं रबर पार झिजून तारा बाहेर आलेल्या. बाहेरून बघावं तर नक्षी अगदी खोल, अजून वर्षभर सहज चालेल असं वाटावं. त्याच टायरवर आदल्या आठवड्यात आम्ही चौघं लांबचा प्रवास करून आलो होतो. त्याच्या महिनाभर आधीच गाडी सर्व्हिसिंगहून आली होती आणि कागदावर टायरसमोर बरोबरची खूणही होती.

दिवसभर एकामागून एक गाड्या हातावेगळ्या करणाऱ्या माणसाच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटू शकते. पण ती गाडी रोज चालवणारी मी होते, आणि मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की घरच्या घरी गाडीची देखभाल करायची म्हणजे पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं असं नाही. निम्म्याहून जास्त काम नुसतं नीट बघण्याचं आहे, आणि ते गाडीत बसणाऱ्या कुणालाही जमतं.

ऑइलचा लाल दिवाच घ्या. ऑइल कमी झालं की तो लागतो, असा आपला समज असतो. बहुतेक गाड्यांमध्ये तो पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. म्हणजे इंजिनात ऑइल पुरेशा दाबाने पोचेनासं झालं की तो पेटतो, आणि तेव्हा गाडी तिथल्या तिथे बंद करण्यावाचून इलाज नसतो. ऑइलची पट्टी तीच गोष्ट कितीतरी आधी सांगते. गाडी सपाट जागी उभी हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची आणि मग बघायचं. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की झालं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलही चटकन काळं पडतं. पण ते दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा, कारण त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळत असण्याची शक्यता असते. आणि 'असू दे थोडं जास्त' म्हणून वरच्या खुणेच्या वर ओतू नका. जास्त ऑइलही इंजिनाला बाधतं.

कूलंटची टाकी बहुधा अर्धपारदर्शक असते, झाकण न उघडता पातळी दिसते. इंजिन गरम असताना ते झाकण उघडायचंच नाही, आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर उडतं. नळाच्या पाण्याने टाकी भरत राहू नका, त्यातले क्षार रेडिएटरमध्ये धरतात. दर महिन्याला पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायला हवी.

टायरबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण रस्त्याला टेकलेले तेवढेच चार ठिपके आपल्याला धरून असतात. हवा टायर थंड असताना तपासा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. टायरवर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. झीज वाचायला शिका: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहतेय, मधला पट्टा झिजला तर जास्त भरली जातेय, एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय. माझं तेच झालं होतं. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खोली जेमतेम 1.6 मिलिमीटर उरली, टायर बदला.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर हातमोजे घालून साफ करा. आधी निगेटिव्हची वायर सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची, नाहीतर पाना बॉडीला टेकून शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा लावा. मोठा लावला तर फ्यूज टिकतो आणि वायरिंग जळतं.

काही कामांना मात्र मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. ब्रेक खोलणं, एअरबॅगच्या वायरी, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबल. ब्रेक ऑइलची पातळी फक्त बघायची. ती उतरली असेल तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा गळती आहे, नुसतं ओतून ते झाकलं जातं. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, तो सरकतो, आणि माणसाला हलायलाही वेळ मिळत नाही.

आज गाडी लावताना स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवा, खाली उतरा, मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या टायरची आतली कड बघा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसऱ्याची. आणि स्टेपनीत हवा आहे का, तेही.