योहान जागा सोडून पळाला होता

'दास बोट'चा विषय निघाला की सगळे कप्तानाबद्दल बोलतात. युर्गन प्रॉखनोवचं कामच तसं आहे, त्यात वाद नाही. पण गेल्या महिन्यात अण्णांबरोबर हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात फक्त योहान आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८१ सालचा जर्मन सिनेमा, दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन. काळ १९४१चा. फ्रान्समधल्या ला रोशेलहून एक यू-बोट, म्हणजे जर्मन पाणबुडी, अटलांटिकमध्ये निघते. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात: चाळीस हजार जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले, तीस हजार परतले नाहीत. लोथार-ग्युंटर बुखहाइम स्वतः त्या वर्षी वार्ताहर म्हणून यू-९६ या पाणबुडीवर होता, त्याच्या कादंबरीवरून हा सिनेमा आला.

योहान इंजिनाच्या खोलीतला माणूस. एरविन लेडरने केलाय. खोल गेलेले डोळे, तेलाने माखलेला चेहरा, कायम यंत्राला कान लावलेला. बोटीवर त्याला भूत म्हणतात. इंग्रजांच्या विनाशिका वरून बॉम्ब टाकत असतात, दाबाने बोल्ट गोळीसारखे उडत असतात, आणि हा माणूस अचानक आपली जागा सोडून मधल्या खोलीत येतो. ओरडतो, वर जायला धडपडतो. कप्तान पिस्तूल आणायला जातो. इतरजण योहानला कसंबसं आवरतात, म्हणून पुढचं टळतं.

माझे वडील माझगाव डॉकमध्ये फिटर होते. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, १९९२ साली नौदलात आलेली 'शाल्की', तिच्यावर त्यांचे हात लागलेत. ती मूळ जर्मन आराखड्याची, हे अण्णा अजून अभिमानाने सांगतात. त्यांना इंग्रजी सबटायटल्स वाचायला वेळ लागतो, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा भाग आला तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गप्प बस गं, कळतंय मला."

आणि खरंच, तिथे भाषा लागतच नाही. विमानाच्या माऱ्याने बोट खाली जात राहते. किती खोल गेलो ते दाखवणाऱ्या काट्यावरचे आकडे संपतात, काटा पुढे सरकायला जागाच उरत नाही. शेवटी ती २८० मीटरवर वाळूत टेकते. आत पाणी येतंय, बॅटरीचे सेल फुटलेत, आणि त्या आम्लात समुद्राचं पाणी मिसळलं की क्लोरीन, विषारी वायू. फुटलेले सेल वगळून उरलेले जोडायला चीफला, म्हणजे मुख्य इंजिनिअरला, तार हवी असते. साधी तार! अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माणसं हातोहात बादल्या देत मागचं पाणी मधे आणतात. ज्यांना काम नाही ते तोंडात नळी धरून पडून राहतात, हवा पुरवून वापरायची म्हणून.

आणि मुख्य गळतीपाशी कोण? योहान. पाण्यात बुडी मारून, श्वास संपेपर्यंत आत राहून, पुन्हा पुन्हा तेच.

हा प्रसंग मी आधी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं की त्याने चुकीची भरपाई केली. आता तसं वाटत नाही. भरपाईचा विचार करायला त्याच्याकडे वेळच नाही. ज्या कानांना यंत्रातला बारीकसा बदल आधी कळतो, त्याच कानांवर ते बॉम्ब फुटत होते. मला वाटतं तो पळाला त्यामागेही तेच आहे आणि गळतीपाशी टिकला त्यामागेही. भित्रा किंवा शूर असा शिक्का एकदा मारून आपण मोकळे होतो, शाळेत, घरात, ऑफिसात. मीही मारलेत. लिहिताना काही चेहरे समोर येतायत.

काहीजण म्हणतात, हिटलरच्या खलाशांसाठी जीव का टांगणीला लावायचा? प्रश्न रास्त आहे आणि सिनेमा तो टाळत नाही. जळत्या टँकरवरून उड्या मारलेली माणसं बोटीकडे पोहत येतात आणि कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. तो प्रसंग पाहून ज्याला नंतर पोटात ढवळत नाही त्याने सिनेमा पाहिलाच नाही, असं माझं मत. या माणसांवर माया करा आणि त्यांनी काय केलंय तेही विसरू नका, एवढं ओझं तो आपल्यावर टाकतो.

एक विनंती. पाहाल तर १९९७ची मोठी आवृत्ती पाहा, सुमारे साडेतीन तासांची. वाट पाहण्याचे ते लांबलचक तास, कंटाळा, घाम, छताला टांगलेली सॉसेजेस हे कापलं तर तळाशी अडकल्याची भीती निम्मीही उरत नाही. योस्ट वाकानोने हातात कॅमेरा धरून त्या अरुंद बोगद्यातून धाव घेतलीय, तीही हेडफोन लावून एकट्याने पाहताना जास्त भिडते.

शेवट सांगत नाही. संपल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मधे गोळ्या घ्यायला उठले होते तेव्हा त्यांचा एक प्रसंग हुकला होता, त्याबद्दल विचारलं.

"त्या पळालेल्या पोराला कप्तानाने कोर्टापुढे उभं केलं का गं?"

"नाही अण्णा. जा, झोप घे म्हणाला."

"बरं केलं," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.