फौजी हयात असतानाच बायकोचे कागद जुळवा

गोव्याच्या पेडणे, डिचोली, सत्तरी भागात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होते तोवर फाईल कुणी उघडत नाही. माणूस गेला की ती बाहेर निघते आणि मग कळतं, बायकोचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं आहे. म्हणून कळकळीने सांगतोय, ही दुरुस्ती नवरा हयात असतानाच करून घ्या. त्याला ती स्वतःच्या सहीने मागता येते. त्याच्यामागे तिला एकटीला आपण त्याची बायको आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि तोवर घरात पैसा येत नाही.

गोव्यात हा घोळ जास्त होतो. सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्नाच्या नोंदीत बाईचं माहेरचं नाव असतं. लग्नात नाव बदलायची आपली रीत, त्यामुळे सैन्याच्या रेकॉर्डला सासरचं. आधारवर बऱ्याचदा तिसरंच, घरात हाक मारायचं नाव. १९६१ च्या आधीची जन्मनोंद मिळालीच तर ती पोर्तुगीज भाषेतली, आणि तिच्यात परबाचा पोरोब झालेला.

आज एवढं करा. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा किंवा सैन्याच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर लॉगिन करून कुटुंबाचा तपशील उघडा. बायकोचं नाव आधार, पॅन आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिची जन्मतारीख तिथे आहे का, तेही बघा. ती नसण्याने किती नुकसान होतं याची अनेकांना कल्पनाच नसते. नवऱ्यामागे बायकोला मिळणाऱ्या कुटुंब पेन्शनवर तिच्या वयाच्या ८० व्या वर्षी २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. किमान कुटुंब पेन्शन ९,००० धरली तरी ८० व्या वर्षी महिना १,८०० रुपये जास्त, त्यावर महागाईची रक्कम वेगळी. पण रेकॉर्डला तारीखच नसेल तर ती ८० ची कधी झाली हे यंत्रणेला कळणार कसं? वाढ लागत नाही, आणि म्हातारीला ठाऊकच नसतं म्हणून कुणी मागत नाही.

दुरुस्ती फौजीच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं ऑफिस बेळगावात, म्हणजे आपल्याला जवळच. अर्जासोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्र फोटो, आधार, पॅन आणि डिस्चार्ज बुकाची (सैन्यातून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेची) प्रत जोडा. घाईघाईत आधार बदलायला मात्र धावू नका. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. पॅन, बँक आणि आधार एकमेकांशी जुळत असतील तर बदलायचं सैन्याचं रेकॉर्ड. आधारच एकटं वेगळं असेल तर आधार.

घरात दिव्यांग मूल असेल तर आई-बाप असतानाच त्याचं नाव रेकॉर्डला चढवा. कमावू न शकणाऱ्या मुलाला आई-वडिलांनंतर जन्मभर कुटुंब पेन्शन मिळू शकते. दोघंही गेल्यावर त्या मुलासाठी कार्यालयांच्या पायऱ्या कोण झिजवणार?

पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर, 'ईदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही आणि मागे राहिलेल्याला चालवता येईल असं, करून ठेवा. मृत्यूची नोंद पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत करा आणि 'स्पर्श'वर लगेच कळवा. त्यानंतर जमा झालेली पेन्शन काढू नका, ती पुढे वसूल होते. कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या साधारण ३० टक्के बसते, म्हणून रक्कम उतरलेली दिसली की ती चूकच असेल असं समजू नका.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला (८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो) 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन सेवेवर भरताना एक चूक हमखास होते. पैसे बँकेत येतात म्हणून पेन्शन देणाऱ्या संस्थेच्या जागी लोक बँक निवडतात. 'स्पर्श'वर आलेल्यांनी तिथे 'स्पर्श - पीसीडीए पेन्शन' निवडायचं आणि पीपीओ क्रमांकही 'स्पर्श'चा नवा टाकायचा. नाहीतर मोबाईलवर प्रमाण आयडी येतो, आपण निर्धास्त होतो, आणि दाखला मागाहून नाकारला जातो. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप आहे. घरातल्या नातवाला सांगा, उजेडाकडे तोंड करून बसवायचं आणि पापण्या लवू द्यायच्या. पापण्यांची ती उघडझापच ॲपला हवी असते. फोनवर ओटीपी मागणारा कुणीही सरकारचा नसतो.

ज्यांना पेन्शनच नाही अशा, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ च्या पुढच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीची मदत, मिळते. ती महिना ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. सैन्यातून पेन्शनशिवाय परतलेले पुष्कळजण आपला सैन्याशी संबंध संपला असं समजून गप्प बसलेत. राज्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, महिना २,०००, साऱ्यांना ठाऊक असते. ही नसते. तुमच्या वाड्यावर असं कुणी असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक शोधायला मदत करा, सगळी पानं स्कॅन करा आणि पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात त्यांना सोबत घेऊन जा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, पण तो तपासून पुढे पाठवायचं काम तिथूनच होतं.