तो गोंदाचा पुठ्ठा आधी उचला

पाऊस धरला की बिळात पाणी भरतं, उंदीर वर येतात, आणि त्यांच्यामागोमाग आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या कॉलनीत उंदीर चिकटवून पकडायचे ते गोंदाचे पुठ्ठे येतात. जिन्याखाली, टाकीमागे, गॅसच्या कोनाड्यात, कंपाउंडच्या भिंतीवर, एकाने तर तुळशीवृंदावनाच्या मागे. सगळे उघड्यावर! घराच्या आत, दार लावून, कपाटाखाली ठेवला असता तरी तो क्रूरच होता. पण उघड्या अंगणात रात्रभर गोंद पसरून ठेवायचा आणि सकाळी तिकडे वळूनही बघायचं नाही, याला मी काय म्हणू?

अंगणात त्या पुठ्ठ्यावर काय होतं ते ज्यांनी कधी वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतीवरच्या दिव्याला पाखरं येतात, त्यातली काही खाली पडून चिकटतात. एखादं झुरळ चिकटतं. ते खायला पाल उतरते आणि अडकते. पालीच्या मागे कवड्या येतो. बिनविषारी, शेलाटा साप, पाली हेच त्याचं जेवण. तोही अडकतो, आणि पट्टे बघून लोक 'मण्यार, मण्यार' ओरडत त्याला अडकलेल्या जागीच ठेचतात. (कवड्याचे पट्टे मानेकडे ठसठशीत आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. पण खात्री नसेल तर हात लावू नका, वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा.) उजाडल्यावर दयाळ येतो, ती चिकटलेली पाखरं टिपायला, आणि पंखाने धरला जातो. सापसुरळी तर दर पावसात सापडते. चिचुंदरीला लोक उंदीरच समजतात. ती उंदीर नाही, ती तुमच्याच मोरीतली झुरळं खाते. तिला दर काही तासांनी खावं लागतं, म्हणून पुठ्ठ्यावर ती सगळ्यांच्या आधी उपाशी मरते.

परवा मांजराचं पिल्लू अडकलं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या आधी पंपाच्या खोलीमागून खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून गेले. तांबूस पट्ट्यांचं, जेमतेम दोन महिन्यांचं. पुढचे दोन्ही पाय, हनुवटी आणि एक कान गोंदात. सुटण्यासाठी लोळलं असणार, कारण पुठ्ठा दुमडून त्याच्या कुशीला चिकटला होता आणि त्यावर माडाच्या झावळीचे तुकडे, माती, मुंग्या. तोंड उघडता येत नव्हतं. ओरडायला जायचं आणि नाकातून नुसता वारा निघायचा. हनुवटीखालची कातडी ओढून ओढून लाल झाली होती. सोडवायला दुपार झाली. ओढायचं नसतं, ओढलं की कातडीच निघते. आधी उघड्या गोंदावर तांदळाचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे बाकीचं अंग पुन्हा चिकटत नाही. मग खोबरेल तेल कापसाने कडेकडेने मुरवायचं, बोटाने केस न केस सोडवत जायचं, आणि शेवटी कोमट पाणी, सौम्य साबण, कोरडा टॉवेल, ऊब. पक्षी असेल तर तेल ओतू नका, पिसं तेलकट झाली की तो भिजून गारठतो. उघडा गोंद झाकून, पुठ्ठ्यासकट खोक्यात घालून डॉक्टरकडे न्या.

पुठ्ठा कोणाचा ते विचारत मी दारोदार गेले. ज्यांचा होता ते म्हणाले, "अहो, मांजरासाठी नव्हता लावला." एवढंच. पिल्लू माझ्या हातात, तेलाने माखलेलं, थरथरत होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मांजरासाठी नव्हता, सापसुरळीसाठी नव्हता, दयाळासाठी नव्हता, मग तो अंगणात का होता? गोंदाला कोण आलं ते कळत नाही. तुम्हाला कळतं ना?

आणि उंदीर सापडला तरी काय? गोंद मारत नाही, धरून ठेवतो. जीव तहानेने, दमून, नाकातोंडात गोंद जाऊन मरतो, कधी एक दिवसाने, कधी दोन. मग आमच्याकडचे लोक त्याला जिवंतच पुठ्ठ्यासकट घडी करून कचऱ्याच्या बादलीत टाकतात. सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला ते लागतं. अडकलेला उंदीर भीतीने तिथेच मुततो, आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, उंदराच्या मुतातून पसरतो. गोव्यात पावसाळ्यात लेप्टोची भीती कोणाला सांगायला नको. रोग नको म्हणून लावलेली वस्तू तुम्ही तिच्या उघड्या हातात देता!

मला सर्वांत जास्त चीड आहे ती मांजरांना हाकललं त्याची. टाकीपाशी चार मांजरं होती. सगळ्यांची ऑपरेशनं केलेली, ओळखू यावीत म्हणून कानाची टोकं कापलेली. संध्याकाळी ठरलेल्या जागी शीत (भात) आणि उकडलेल्या बांगड्याची डोकी खायची, खाऊन झालं की मी जागा धुवायची. घाण होते, गाडीच्या बॉनेटवर बसतात, अशा तक्रारी झाल्या. एका रात्रीत चारही नाहीशी. कोणीतरी पोत्यात भरून मासळी बाजारात सोडली, हे वॉचमनने महिन्याभराने सांगितलं. एवढीशी जागा सोडून कधी पलीकडच्या गल्लीत न गेलेली मांजरं, तिथे कुत्र्यांच्या तावडीत. त्यातली दोन मला परत मिळाली नाहीत. आणि त्याच पावसात 'उंदीर फार झालेत' म्हणून ठराव आणि पुठ्ठ्यांची घाऊक खरेदी! मांजरं सगळे उंदीर संपवतात असं मी म्हणत नाही. पण मांजराचा वावर असलेल्या जागेत उंदीर निवांत बिळं करत नाहीत, हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, उंदीर खाणारी धामण दिसली तर वाट देणारी माणसं होती ती.

उंदीर येतात ते तुमच्या कचऱ्यावर. नुस्त्याची (मासळीची) आतडी पातळ पिशवीत बांधून रात्रीच जिन्यात ठेवायची, ओला कचरा बिनझाकणाच्या बादलीत, पडलेले नारळ आणि पपया तशाच. पाइपाभोवतीची फट अंगठा जाईल एवढी असली तरी उंदराला पुरते. ती सिमेंटने आणि जाळीने बुजवायला एक गवंडी, एक दिवस लागेल. झाकणाचे डबे आणा, कचरा सकाळीच बाहेर काढा. पकडायचाच असेल तर पिंजरा लावा, घरात लावा, आणि सकाळ-संध्याकाळ बघा. हे सगळं मी सोसायटीला लिहून दिलं होतं. खर्चाचं कारण सांगून बाजूला ठेवलं.

कायद्याचंही सांगते, कारण 'कायद्यात कुठे आहे' असं तोंडावर विचारलं गेलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. प्राण्याला विनाकारण यातना देणं आणि तो उपासमारीने तळमळेल अशा ठिकाणी सोडून देणं, दोन्ही त्याच्या कलम 11 मध्ये गुन्हे आहेत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या गोंदाच्या सापळ्यांविरुद्ध 2011 मध्येच परिपत्रक काढलं. तरीही हार्डवेअरच्या दुकानात ते काउंटरवर मांडलेले असतात. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त 50 रुपये! 1960 साली लिहिलेला आकडा आजही तोच. एका जिवाच्या दोन दिवसांच्या तडफडीची एवढीच किंमत, हे वाचून माझे हात थरथरतात.

चवथ आली की याच घरांत गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली फळं शोधून शोधून बांधतात, गणपतीच्या पायाशी उंदराला मोदक ठेवतात. मला ते सगळं मनापासून आवडतं, म्हणूनच जास्त लागतं. रानाला घरात मान द्यायचा आणि दारात आलेल्या रानाला गोंद लावायचा, हे मला जमत नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मी येणार आहे, फोटो घेऊन येणार आहे, आणि जिन्यात, भिंतीवर, टाकीमागे लावलेले सगळे पुठ्ठे त्या दिवशी उचलले जावेत असा ठराव मांडणार आहे. तोवर सामाईक जागेत जो पुठ्ठा दिसेल तो मी कागद लावून बंद करणार. ज्यांना तक्रार करायची त्यांनी माझ्या नावाने करावी. उरलेल्या दोन मांजरांना आणि त्या पिल्लाला पुन्हा पोत्यात घालायला कोणी आलं, तर पोलिसांत मी स्वतः जाईन.