‘जुन्या विंडोजवरच नवी टाका’: या सल्ल्यात काय काय चुकलंय

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘कॉम्प्युटर स्लो झाला तर बर्डीवर दुकानात न्यायची गरज नाही. पेनड्राइव्ह लावा, फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच नवी टाका. डेटा जात नाही, डी ड्राइव्हला धक्का लागत नाही, व्हायरस निघतो, मशीन नव्यासारखं चालतं.’

‘डेटा जात नाही’ हे अर्धंच खरं. पेनड्राइव्हवरून बूट करून (म्हणजे कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करून) त्याच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्याच भागावर, इन्स्टॉल केलं, की जुने विंडोज, प्रोग्राम फाइल्स आणि यूजर्स हे फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये सरकतात. डेस्कटॉप रिकामा दिसतो. फाइली त्या फोल्डरच्या यूजर्समध्ये सापडतात. त्या लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्या, कारण साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपणहून पुसू शकते. प्रोग्राम सगळे परत टाकावे लागतात. डीटीपीवाल्यांचा घात फॉन्टमध्ये होतो: कृतिदेवसारखे जुने फॉन्ट विंडोजच्याच फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, ते नसले की लग्नपत्रिकेच्या जुन्या फाइलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. क्रोममधले पासवर्ड जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, नुसता फोल्डर कॉपी करून ते उघडत नाहीत. ते आधीच एक्स्पोर्ट करा.

प्रोग्रामसकट सगळं राखायचं असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करूच नका. चालू विंडोजमध्ये पेनड्राइव्ह उघडून सेटअप चालवा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडा. एडिशन (होम, प्रो वगैरे) आणि भाषा तीच हवी, आवृत्ती आहे त्यापेक्षा जुनी नको. नाहीतर तो पर्याय निवडताच येत नाही. विंडोज सुरूच होत नसेल तर ही वाट बंद.

डी ड्राइव्हला धक्का लागत नाही म्हणे. पण सेटअपमध्ये सी, डी अशी अक्षरं नसतात, ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असे आकडे असतात. आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर लिहून घ्या. जुन्या मशीनवर डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आणि बूट यूईएफआय या नव्या पद्धतीचं असेल तर सेटअप नकार देतो. तिथे घाईत सगळी पार्टिशन्स डिलीट केली की डी गेलीच. त्याआधी डिस्क न पुसता तिला एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर नेणारं एमबीआरटूजीपीटी हे विंडोजचंच साधन आहे, तेही बॅकअप घेऊनच वापरा.

दुसरा धोका एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद असण्याचा. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाला न कळता चालू असतं. नव्या विंडोजवर डी ड्राइव्ह मग ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ते चालू आहे का, हे सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत पाहा आणि की आधी लिहून ठेवा. की नाही, तर डेटा नाही. बर्डीवरचा कोणताही कारागीर तो काढून देऊ शकत नाही.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्क दिसतच नाही. एसएसडी मेलेली नसते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून डिस्क ओळखायला लागणारा इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने द्या.

व्हायरसचं म्हणाल तर डी ड्राइव्हवर आणि विंडोज डॉट ओल्डमध्ये लागण झालेल्या फाइली तशाच राहतात.

आणि स्लो होण्याचं कारण दर वेळी विंडोज नसतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, त्यात पंख्यात धूळ साचली असेल तर प्रोसेसर तापून आपणच वेग कमी करतो. जुनी हार्ड डिस्क असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांच्या (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांच्या) ओळी बघा. त्यांच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यातला आकडा शून्य नसेल तर सेटअपला हात लावू नका, आधी फाइली बाहेर काढा: मरायला टेकलेल्या डिस्कवर इन्स्टॉलेशनचे कित्येक जीबी लिहिले, की उरलेलंही वाचता येईलच असं नाही.