मूळ कारण आणि तात्कालिक कारण

दहावीचा इतिहासाचा पेपर पुन्हा एकदा द्यावा लागेल, तोही तोंडी, व्हिसा केंद्रातल्या लोखंडी खुर्चीवर बसून, बायको आणि मुलीच्या देखत, हे आधी कळलं असतं तर मी मुकाट्यानं अलिबागला गेलो असतो.

बेत साधा होता. ऑगस्टात पोलंडमधलं ग्दान्स्क. मुलीला समुद्र, बायकोला जत्रा (तिथली सेंट डॉमिनिकची जत्रा १२६० पासून भरते, त्यामुळे हॉटेलवाल्यांना दर वाढवायचा सरावही तेवढाच जुना असणार) आणि मला विटांचं जुनं बंदर. मोबाइल बंद करायला लावून आम्हाला टोकन देऊन बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेतलेल्या एक बाई होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी पोलंडमधल्याच व्रोत्सवाफला निघालेल्या. डिंकाच्या लाडवात तूप असतं आणि युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही, या अन्यायावर त्यांनी आधीच दोन कुटुंबांना आणि सुरक्षारक्षकाला बोलून घेतलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही कुठं?"

"ग्दान्स्क."

"कुठं?"

"बाल्टिकच्या काठी आहे," बायको म्हणाली.

"मग डान्झिग म्हणा की ओ, जुनं नाव! सांगा बघू, दुसऱ्या महायुद्धाचं तात्कालिक कारण काय?"

मला वाटलं गंमत चालली आहे. मी हसून म्हणालो, "हिटलरची साम्राज्यतृष्णा."

"ते मूळ कारण. मी तात्कालिक विचारलं."

बाई कोल्हापूरकडच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. एव्हाना पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून बसली होती. मोबाइल बंद असल्यामुळे त्यांना दुसरी करमणूक नव्हती.

"जर्मनीचं पोलंडवर आक्रमण. १ सप्टेंबर १९३९," मी म्हणालो. आवाज उगाचच शाळेतला लागला.

"डान्झिगला तोफा कुठं डागल्या?"

"वेस्टरप्लाटेवर." हे मला येत होतं. त्यासाठीच तर निघालो होतो!

"जहाज कुठलं?"

"श्लेस्विग-होल्स्टाइन."

"पोलिश सैनिक किती होते आणि किती दिवस लढले?"

"दोनशेच्या आसपास. सात दिवस."

"आसपास लिहिलं की मी अर्धा गुण कापते."

यावर एक गृहस्थ खो खो हसले. त्यांच्या फाइलवर पॅरिसचा मनोरा छापलेला होता. पॅरिसला जाणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आजींचं बरोबर आहे." जिच्यासाठी समुद्र शोधला ती!

मी डाव पलटवायला बघितला. म्हटलं, बाई, १९८० साली त्याच गावच्या गोदीत संप झाला, लेक वॉवेन्सा नावाच्या इलेक्ट्रिशियननं पुढे होऊन सॉलिडॅरिटी ही संघटना उभी केली, त्याला १९८३ चं शांततेचं नोबेल मिळालं.

"ते आमच्या वेळी अभ्यासक्रमात नव्हतं."

"फॅरनहाइट तिथलाच, १६८६ चा जन्म."

"ते विज्ञानात."

आता या माणसाला विज्ञानात ढकलून कसं चालेल? बाहेरचं ऊन आपण सेल्सियसमध्ये मोजतो, पण घरातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. पोर ३९ नं फणफणलंय, असं कुठली आई म्हणते? १०२ म्हटल्याशिवाय डॉक्टरसुद्धा हलत नाहीत. ग्दान्स्कचा माणूस आपल्या काखेपर्यंत पोचलाय आणि बाई म्हणतात, विज्ञानात! त्याच्या गावचा समुद्र ऐन उन्हाळ्यात १८-२० अंश सेल्सियसच्या वर क्वचितच जातो. फॅरनहाइटमध्ये ६८ म्हटलं की जरा ऊब वाटते. मुलीला मी ६८ सांगितलंय.

टोकन पुकारलं नव्हतंच. मी फाइल पुन्हा तपासली. बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, आयकराचे कागद, ऑफिसनं रजा दिल्याचं पत्र, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतीची तिकिटं. एवढे सगळे कागद कशासाठी, तर आम्ही परत येऊ हे पटवायला. अहो, माझा फ्लॅटचा हप्ता इथं आहे, मी कुठं जातोय? व्हिसा नाकारला तरी माणशी ९० युरो गेले ते गेलेच. पोलंडच्या माणसाला आपल्याकडे यायचं तर तो घरात बसून ई-व्हिसा काढतो. मला मात्र माझी सगळी कमाई एका काचेखालून सरकवायची, आणि पलीकडच्यानं ती मान वर न करता चाळायची.

हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण बाईंनी फाइल मिटली.

"आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाच हजार पोलिश राहिलेत. १९४३ ते १९४८. रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली माणसं, बायका-पोरंच जास्त. आमचे वडील सांगायचे. त्यांना कुणी विचारलं काय, बँकेत किती आहेत, परत कधी जाणार?"

पुढची रांग गप्प झाली. पॅरिसवालेसुद्धा. मला बाई एकदम आवडल्या. मी म्हणालो, "हे तुम्ही आत सांगा."

"सांगायचं काय, विचारणारच आहे."

त्यांचा नंबर आला. काचेपलीकडचा मुलगा आधी नुसता ऐकत राहिला, मग चक्क उभा राहिला. बाई लवकरच बाहेर आल्या, सगळे कागद मंजूर. माझ्या फोटोत कान नीट दिसत नाहीत असं निघालं. तिथल्याच कोपऱ्यात पैसे भरून नवे कान काढून घ्यावे लागले. वळिवड्याचं मीही काढून बघितलं, तर मुलगा म्हणाला, "सर, एसएमएस हवाय का? चार्ज वेगळा आहे."

जिन्यात बाई भेटल्या. "बारशाला या. ऑगस्टातच येतंय. डान्झिगहून जवळच."

जवळ कसलं? ते दुसऱ्या टोकाला आहे, मधे अख्खा पोलंड. पण बायको "येऊ की" म्हणून मोकळी झाली, आणि बस सुटायच्या आत माझा मालबोर्कचा किल्ला बेतातून उडाला होता. ट्युटॉनिक सरदारांनी बांधलेला, विस्तारानं जगातला सगळ्यात मोठा किल्ला, ग्दान्स्कहून रेल्वेनं तासाभराच्या आत. त्या दिवशी आता आम्ही व्रोत्सवाफच्या गाडीत असू, सोबत दुपटं आणि बिनतुपाचे लाडू. अर्जासोबतच्या वेळापत्रकात मात्र मालबोर्कच आहे, आणि ते कागद बदलायचे तर नवं टोकन घ्यावं लागतं.